कप्तान, कवी आणि एका पुस्तकातला 'सी' : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात जागा उरली म्हणून एका चौकटीत आम्ही 'अमेझिंग ग्रेस' हे ख्रिस्ती गीत लिहिणारा जॉन न्यूटन आणि त्याचा कवी मित्र विल्यम कूपर यांच्याबद्दल जेमतेम दहा ओळी टाकल्या होत्या. अठराव्या शतकातलं इंग्लंड, ऑल्नी नावाचं गाव, तिथे दोघांनी मिळून गीतांचं पुस्तक काढलं, एवढंच. आणि पत्रं मात्र त्या चौकटीवरच आली, मोठ्या लेखांना कोणी विचारलं पण नाही! असो. तर या वेळचं सदर सगळं या दोघांवर. काही पत्रं लांब होती ती थोडी कापलीयेत, राग मानू नका.

प्रश्न : एक जण गुलामांच्या जहाजाचा कप्तान आणि दुसरा लाजाळू, आजारी, वकिली सोडून दिलेला कवी. यांचं जमलंच कसं? एका चर्चला जातात म्हणून सगळ्यांचं जमतं असं काही नाही, आमच्या क्वायरमधली दोन माणसं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.
— एक वाचक, मिरज

तुमच्या क्वायरमधल्या त्या दोघांना हा अंक द्या आधी.

तर, कागदावर बघितलं तर खरंच जमायला नको होतं. न्यूटन १७२५चा, लंडनच्या वॉपिंगमधला, म्हणजे बंदरावरची वस्ती, बाप जहाजावर. शाळा झाली ती दोनेक वर्षं, अकराव्या वर्षी बापाबरोबर समुद्रावर. मग नेव्हीत जबरदस्तीने भरती, तिथून पळाला, पकडला, सगळ्यांसमोर फटके खाल्ले, हुद्दा गेला. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलामांच्या व्यापाऱ्याकडे राहिला तर तिथे इतके हाल झाले की अंगावर धड कपडे नव्हते, पण गंमत बघा, त्या हालातही याच्याकडे भूमितीचं एक पुस्तक होतं आणि हा वाळूत काठीने युक्लिडच्या आकृत्या काढत बसायचा. लॅटिन, ग्रीक, हिब्रू सगळं नंतर स्वतःचं स्वतः शिकला. हे मला न्यूटनबद्दल सगळ्यात जास्त आवडतं, खरं सांगायचं तर समुद्रातल्या ज्या वादळाने त्याचं मन बदललं (ते खाली येतंच आहे) त्यापेक्षाही जास्त.

कूपर १७३१चा. बाप पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, घराणं मोठं, वडिलांचे काका देशाचे लॉर्ड चॅन्सेलर. वेस्टमिन्स्टर शाळा, मग वकिली. पण माणूस आतून फार हळवा. १७६३ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये एका चांगल्या नोकरीसाठी सगळ्यांसमोर परीक्षा द्यायची वेळ आली आणि त्या भीतीनेच तो कोसळला, जीव द्यायचा प्रयत्न केला, मग सेंट ऑल्बन्सला डॉ. नथॅनिएल कॉटन यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. तिथे बरं वाटायला लागलं तेव्हा एक दिवस बायबल उघडलं, रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय, आणि तिथून त्याचा विश्वास सुरू झाला.

दोघांमध्ये सारखं काय? दोघांच्याही आया ते सहा-सात वर्षांचे असतानाच गेल्या होत्या. आणि दोघांनाही वाटत होतं की आपण बुडालो होतो आणि कोणीतरी हात धरून बाहेर काढलं. या दोन गोष्टी पुरल्या असाव्यात.

१७६७ साली कूपर हंटिंग्डनमध्ये अन्विन कुटुंबाकडे राहत होता, त्या घरचे कर्ते घोड्यावरून पडून वारले, आणि न्यूटन तिथे भेटायला गेला. त्या वर्षीच कूपर आणि मेरी अन्विन बाई ऑल्नीला राहायला आले, फक्त न्यूटन तिथे पाळक होता म्हणून. दोघांची घरं जवळच पण मध्ये दुसऱ्याची बाग, तर त्या बागेतून जाण्या-येण्याच्या हक्कासाठी वर्षाला एक गिनी भाडं भरत होते! त्या तुकड्याला अजून गिनी फील्ड म्हणतात. रस्त्याने फिरून जायला लांब नव्हतं फारसं, पण मित्राकडे जायचंय ना, मग मागच्या दारानेच जायचं. न्यूटन म्हणे घरात पाळकाच्या वेषात नसायचा, जुनं निळं खलाशी जाकीट घालून बसायचा. पुढे त्याने लिहिलंय की जवळजवळ बारा वर्षं, जागे असताना आणि घरी असताना, आम्ही सात तासांपेक्षा जास्त वेळ क्वचितच वेगळे राहिलो, पहिली सहा वर्षं मी त्याचं कौतुक करत त्याच्यासारखं व्हायचा प्रयत्न करत होतो, आणि नंतरची सहा वर्षं मृत्युच्छायेच्या दरीतून त्याच्यासोबत चालत होतो. त्या दुसऱ्या सहा वर्षांबद्दल खाली येतंच आहे.

प्रश्न : पुस्तकातलं कुठलं गीत कोणाचं हे कसं कळतं? आणि चाली कोणाच्या, न्यूटनच्या की कूपरच्या?
— एक वाचक, वसई

पुस्तक 'ऑल्नी हिम्स', छापलं १७७९ साली, एकूण ३४८ गीतं. त्यातली बहुतेक सगळी न्यूटनची, कूपरची सत्तरच्या आतबाहेर. कूपरच्या गीतांवर 'सी' हे एक अक्षर छापलंय, बाकी नाव वगैरे काही नाही.

चाली कोणाच्याच नाहीत. म्हणजे पुस्तकात सूर छापलेलेच नाहीत, नुसते शब्द. आपल्याला हे विचित्र वाटायला नको, अभंगाच्या गाथेत तरी कुठे चाली असतात? तिकडे मीटर, म्हणजे ओळींचं माप, ठरलेलं असायचं, सगळ्यात जास्त चालणारं मीटर म्हणजे आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचं, ते ओळखलं की लोकांना माहीत असलेली त्या मापाची कुठलीही चाल लावायची आणि गायचं. आपल्याकडे एकाच अभंगाला दहा बुवा दहा चाली लावतात, तसंच.

'अमेझिंग ग्रेस' न्यूटनने लिहिलं ते १ जानेवारी १७७३च्या उपदेशासाठी, वचन होतं बायबलमधलं, पहिले इतिहास १७, ओव्या १६ आणि १७, दावीद म्हणतो ना, 'मी कोण, माझं घराणं काय, की तू मला इथवर आणलंस', ते. आज आपण ज्या चालीवर गातो ती त्याने आयुष्यात ऐकली नाही, ती चाल आणि हे शब्द अमेरिकेत १८३५ साली एका गीतसंग्रहात पहिल्यांदा एकत्र आले, तोपर्यंत न्यूटनला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती.

आणि ही गीतं मुख्य उपासनेसाठी नव्हतीच मुळी. तेव्हा चर्च ऑफ इंग्लंडमध्ये रविवारी बायबलमधलीच स्तोत्रं म्हणायचे, नवी गीतं गाणं म्हणजे जरा आगाऊपणाच. ही गीतं आठवड्यातल्या प्रार्थना सभेसाठी. ऑल्नी हे लेस विणणाऱ्यांचं गाव, बायका, पुरुष, पोरं, सगळे उशीवर टाचण्या आणि बॉबिन घेऊन दिवसभर वाकून बसलेले, त्यांची पोरं टाचण्या मोजायला गाणी म्हणायची, म्हणजे कामाबरोबर गाण्याची सवय होतीच. अशा लोकांना एक नवीन गीत द्यायचं, सोप्या शब्दांत, आणि मग त्यावर बोलायचं, ही न्यूटनची पद्धत. १७६९ साली सभेची गर्दी वाढली म्हणून गावातल्या एका रिकाम्या वाड्यातली मोठी खोली घेतली, तर त्या दिवसासाठी दोघांनीही एकेक गीत लिहिलं. न्यूटनने प्रस्तावनेत सरळ म्हटलंय की ही गीतं साध्या माणसांसाठी आहेत, फार काव्य नकोच. कूपरचं मात्र काव्य लपत नाही हो. 'सी' झाकून वाचा, तरी ओळखू येतं.

जाता जाता, संगीताच्या बाबतीत दोघं जरा खडूसच होते बरं का. १७८४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत हँडल या संगीतकाराच्या नावाने मोठा महोत्सव झाला, सगळं लंडन त्याचं 'मसीहा' ऐकायला लोटलं, तर न्यूटनने त्यातल्या बायबलच्या वचनांवर पन्नास उपदेश दिले, सूर असा की लोक गाण्याला जातात आणि शब्दांकडे कोणाचं लक्ष नाही. कूपरने पण पुढच्या वर्षी 'द टास्क' या मोठ्या कवितेत हाच टोला मारला, की हँडलसाठी म्हणून मसीहाची स्तुती ऐकतात. हे मला काही पटत नाही, गाण्याला म्हणून आलेल्या माणसाच्या कानात वचन जात असेल तर जाऊ द्या की! पण दोन मित्रांची मतं इतकी सारखी होती, एवढ्यासाठी सांगितलं.

प्रश्न : आमच्या संडे स्कूलमध्ये शिकवलं की वादळात न्यूटनने देवाचा धावा केला, जहाज वाचलं आणि त्याने त्याच दिवशी गुलामांचा धंदा सोडला. पण नेटवर वेगळंच वाचलं. खरं काय?
— कॉलेजचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

नेटवर वाचलेलं बरोबर आहे, संडे स्कूलची गोष्ट कापून गोड केलेली आहे.

वादळ झालं ते मार्च १७४८मध्ये, 'ग्रेहाउंड' जहाजावर. न्यूटनने प्रार्थना केली, जहाज कसंबसं आयर्लंडला लागलं, त्याचं मन बदललं, हे सगळं खरं. पण गुलामांच्या जहाजांचा कप्तान तो त्याच्यानंतर झाला. १७५० ते १७५४ या काळात तीन सफरी, 'ड्यूक ऑफ आर्गाइल' आणि 'आफ्रिकन' या जहाजांवर. खाली माणसं साखळदंडात आणि वर कप्तान बायबल वाचतोय, खलाशांची उपासना घेतोय. आणि सोडलं ते पण मनाला पटेना म्हणून नाही, १७५४ साली अचानक झटका आला, डॉक्टर म्हणाले समुद्रावर जाऊ नका, म्हणून. मग लिव्हरपूलला कस्टममध्ये नोकरी, आणि १७६४ साली पाळक.

त्या धंद्याविरुद्ध तो जाहीरपणे बोलला १७८८ साली, एक पुस्तिका काढली, त्यात त्याने स्वतःला अजिबात सोडलेलं नाही. जहाजावर काय चालतं, किती माणसं कशी कोंबतात, सगळं डोळ्याने पाहिलेलं लिहिलं, पार्लमेंटच्या चौकशीतही साक्ष दिली. म्हणजे वादळापासून मोजा, चाळीस वर्षं.

आता यात कूपर कुठे? इथेच तर मुद्दा आहे, जो फारसा कोणी सांगत नाही. कवी मित्र कप्तानाच्या आधी बोलला. १७८२च्या पुस्तकातल्या 'चॅरिटी' या कवितेत कूपरने गुलामांच्या व्यापाराला नाव घेऊन झोडपलंय, १७८५च्या 'द टास्क'मध्ये परत. ज्याचा गुलामांच्या जहाजांशी कधी संबंध आला नाही, ज्याला चार माणसांत बोलायची भीती, तो आधी बोलला. न्यूटनने ते वाचलं असणारच, मित्राचं पुस्तक होतं, आणि वाचताना त्याला काय वाटलं असेल याचा विचार करून बघा. मग १७८८ साली, त्याच वर्षी, न्यूटनची पुस्तिका आणि कूपरचं 'द निग्रोज कंप्लेंट' दोन्ही आलं. ही कूपरची कविता मुद्दाम एका लोकप्रिय पोवाड्यासारख्या गाण्याच्या चालीवर लिहिलेली, रस्त्यावर गाता यावी म्हणून. त्यातल्या चार ओळी पुढे मार्टिन लूथर किंग भाषणांत म्हणायचे, कातडीचा रंग वेगळा असला तरी माया काळ्या-गोऱ्यांत एकच राहते, अशा अर्थाच्या.

गुलामांच्या व्यापारावर बंदीचा कायदा मार्च १८०७मध्ये झाला आणि न्यूटन गेला त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, म्हणजे बघून गेला. कूपर १८००लाच गेला होता.

तर तुमच्या संडे स्कूलच्या टीचरशी भांडू नका, पण पुढच्या वेळी तुम्ही गोष्ट सांगाल तेव्हा पूर्ण सांगा.

प्रश्न : एका इंग्रजी पुस्तकात वाचलं की न्यूटनच्या कडक धर्मामुळेच कूपर वेडा झाला. तुम्ही मैत्रीचं एवढं कौतुक करताय, हे का लिहिलं नाही?
— एक वाचक, पुणे

दहा ओळींत काय काय बसवणार! पण प्रश्न रास्त आहे, आणि कूपरच्या चरित्रकारांत यावर दोन तट आहेत.

मला स्वतःला तो आरोप टिकत नाही असं वाटतं. कूपर पहिल्यांदा कोसळला १७६३ला, न्यूटनची भेट १७६७ला, त्याच्याही आधी विशीत त्याला उदासीचा मोठा झटका येऊन गेला होता. १७८०ला न्यूटन लंडनला सेंट मेरी वूलनॉथ चर्चला गेला, आणि १७८७ला कूपर परत आजारी पडला, तेव्हा न्यूटन काय शेजारी बसला होता का?

पण पूर्ण निर्दोष पण नाही म्हणणार मी. न्यूटन धडधाकट माणूस, त्याला वाटायचं की कामाला लावलं की माणूस बरा होतो, म्हणून कूपरला आजाऱ्यांच्या भेटीला ने, सभेत मोठ्याने प्रार्थना करायला लाव, असं चालायचं, आणि सगळ्यांसमोर प्रार्थना करायची म्हटलं की कूपरची तासन् तास आधीपासून घालमेल व्हायची. ज्या माणसाची अख्खी नोकरी चारचौघांसमोर उभं राहायच्या भीतीने गेली त्याला हे सांगू नये, एवढं कळायला हवं होतं. नंतर १७८६ला कूपर आणि अन्विन बाई शेजारच्या एका श्रीमंत कॅथलिक कुटुंबात जायला-यायला लागले तर न्यूटनने लंडनवरून खरमरीत पत्र लिहिलं, तुम्ही जगात रमलात म्हणून. कूपर दुखावला, तसं उत्तरही दिलं, पण मैत्री तुटली नाही.

उलट एक मजेचा प्रसंग आहे. १७८२च्या कूपरच्या कवितासंग्रहाला न्यूटनने प्रस्तावना लिहिली, आणि प्रकाशक म्हणाला ही इतकी धार्मिक आहे की पुस्तक खपणार नाही, काढा. आणि काढली! माझी प्रस्तावना कोणी काढली असती तर मी महिनाभर फोन उचलला नसता, न्यूटनने मात्र मनाला लावून घेतलं नाही.

प्रश्न : मी आधी ट्रकवर होतो, शिक्षण कमी, आता आमच्या चर्चच्या मंडळीत ढोलकी वाजवतो. पेटीवर आमचे सर असतात, कॉलेजात शिकवतात. लोक हसायचे आमच्या जोडीला पण आमचं खूप जमलं, चाली दोघं मिळून बसवायचो, मला बायबलमधलं काही अडलं तर सर सांगायचे आणि सरांना गाडीचं काही अडलं तर मी. पण पावसाळ्यापासून सर चर्चला येत नाहीत. झोपत नाहीत, म्हणतात देवाने मला सोडलंय, पेटीला हात लावत नाहीत. मंडळीत लोक म्हणतात त्यांचा विश्वास कमी पडला. मी रोज जाऊन प्रार्थना करू का? वचनं वाचून दाखवू का? मला काही सुचत नाही.
— एक वाचक, अहिल्यानगर

दादा, तुमचं पत्र वाचून हे अख्खं सदर या विषयावर करायचं ठरवलं.

आधी कामाचं. सरांना डॉक्टरकडे न्या, मानसोपचाराच्या डॉक्टरकडे, घरच्यांना विश्वासात घेऊन. झोप नाही, देवाने सोडलंय, पेटीला हात नाही, हा आजार आहे, त्याला औषध आहे. सरकारची टेली मानस नावाची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतः आधी फोन करून विचारलं तरी चालेल. आणि सर कधी मरणाचं बोलले तर त्यांना एकटं सोडू नका, डॉक्टरकडे न्यायला सकाळची वाट बघू नका. हे झालं की मग पुढचं वाचा.

१७७३च्या जानेवारीत, 'अमेझिंग ग्रेस' लिहिलं त्याच महिन्यात, कूपर परत कोसळला. फेब्रुवारीत त्याला एक स्वप्न पडलं, त्यात लॅटिनमध्ये आवाज आला की तुझं संपलं, तू नष्ट झालास, आणि ते त्याने खरं धरलं. कायमचं. बाकी सगळ्यांसाठी देवाची दया आहे, फक्त माझ्यासाठी नाही, असं. त्यानंतर तो कधी चर्चला गेला नाही. विचार करा, 'गॉड मूव्ह्ज इन अ मिस्टीरियस वे', म्हणजे देव गूढ रीतीने काम करतो, हे गीत लिहिणारा माणूस.

एप्रिलमध्ये ऑल्नीची जत्रा भरली, कूपरचं घर बाजारचौकावर, त्याला तो गोंगाट सहन होईना म्हणून न्यूटनकडे आला आणि मग परत जायलाच तयार होईना. एक रात्र म्हणून आलेला माणूस वर्षभराहून जास्त राहिला, १७७४च्या मे महिन्यापर्यंत, अन्विन बाईंसह. मधे ऑक्टोबरमध्ये परत जीव द्यायचा प्रयत्न झाला. न्यूटन काही श्रीमंत नव्हता, पाळकाचा पगार वर्षाला साठ पौंड, एका व्यापारी मित्राची मदत होती म्हणून घर चालायचं. त्याने डॉ. कॉटन यांचा सल्ला घेतला, औषधं आणली. आणि घरात ठेवून घेतलं, एवढंच. एका पत्रात त्याने हेही लिहिलंय की अशा मित्रासाठी कितीही केलं तरी कमीच, पण कधीकधी माझं मन कंटाळतं, बंड करतं. तुम्हालाही कंटाळा येईल दादा. येऊ द्या, त्यात पाप नाही.

न्यूटनने वाद घालून पाहिला, वचनं सांगून पाहिली, कूपरकडे प्रत्येकाला उत्तर होतं, आणि तुमच्या सरांकडे पण असेल, शिकलेला माणूस, तुमच्यापेक्षा जास्त वचनं पाठ असणार त्यांना. तेव्हा रोज वचनं ऐकवायला जाऊ नका. बसायला जा. कूपर पहिल्यांदा हसला तो कसा, तर मे १७७४मध्ये बागेत कोंबड्यांना दाणे टाकत होता, काहीतरी गमतीचं झालं आणि ओठावर हसू आलं, न्यूटनने लगेच लिहून ठेवलं की सोळा महिन्यांत पहिलं हसू. मग तो घरी परतला, शेजारच्या पोरांनी सशाचं पिल्लू दिलं, आणखी आली, त्यातले तीन वाढवले, पस, टायनी आणि बेस, दोन नावं बायकी आणि तिन्ही नर. त्यांच्यासाठी स्वतः सुतारकाम करून खुराडी बनवली, भाज्या लावल्या. तुमच्या सरांच्या गाडीचं काहीतरी बिघडलेलं असेलच की? ती दुरुस्त करायला जा, पाना धरायला त्यांना हाताशी घ्या. ढोलकी नेऊ नका इतक्यात, त्यांनी विचारली तर न्या.

विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांना काय सांगायचं? त्यांना सांगा की चर्चमध्ये तुम्ही जी गीतं डोळे मिटून गाता त्यातलं एखादं अशा माणसाने लिहिलंय ज्याला स्वतःला शेवटपर्यंत वाटत होतं की देवाने मला टाकलंय, आणि त्याच्या पाळकाने त्याला मंडळीतून काढलं नाही. ते दोघं मिळून पुस्तक काढणार होते ना, तर कूपर आजारी पडल्यावर न्यूटनने काम थांबवलं. प्रस्तावनेत तो म्हणतो मी माझी वीणा वाळुंजाच्या झाडावर टांगून ठेवली, १३७व्या स्तोत्रातल्यासारखी, मित्राशिवाय पुढे जायचंच नाही असं ठरवलं होतं. शेवटी एकट्याने बाकीची गीतं लिहिली, पण कूपरची होती तितकी सगळी घातली, 'सी' लावून, आणि लिहिलं की हे पुस्तक एका जवळच्या, लाडक्या मैत्रीची आठवण राहावी म्हणूनही काढतोय.

आणि कूपर पूर्ण बरा कधी झाला नाही, हे खोटं कशाला सांगू. पण मधली वर्षं चांगली गेली, त्याची सगळ्यात भारी कविता त्याच वर्षांतली. न्यूटन लंडनला गेल्यावर जुलै १७८१मध्ये कूपरने त्याला एक पत्र लिहिलंय, दिसायला साधं गद्य, पण वाचायला लागलं की प्रत्येक दोन-चार शब्दांनी यमक, आणि आत म्हणतो की हे वाचता वाचता तुमचे पाय आपोआप थिरकायला लागतील, थांबायचं म्हटलं तरी थांबता येणार नाही, पत्र संपेपर्यंत नाचावं लागेल. स्वप्नातल्या त्या आवाजाला खरं मानणारा माणूस हे लिहितोय, एका पाळकाला, नाचवायला.

सरांची खुशाली कळवा. पत्र छापणार नाही, फक्त आम्हाला कळवा.

प्रश्न : आपल्या मराठीचा या ऑल्नीशी काही संबंध?
— एक वाचक, कोल्हापूर

आहे, आणि चांगला आहे. विल्यम कॅरी, ज्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१०ला कोश काढला, पंडित वैद्यनाथांच्या मदतीने नवा करार मराठीत आणला, ते भारतात यायच्या आधी जोडे शिवायचं काम करायचे आणि ऑल्नीच्याच बाप्टिस्ट मंडळीचे सभासद होते. त्या मंडळीनेच १७८६ साली त्यांना उपदेशक म्हणून मान्यता दिली. न्यूटनचं चर्च वेगळं, अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं, आणि तोवर तो लंडनला गेलेला, पण गाव तेच, लेसवाल्यांचं. कूपरनेही ऑल्नी सोडून जवळच्या गावी बिऱ्हाड हलवलं ते त्याच १७८६ सालात.

मराठी ख्रिस्ती गीतांचं म्हणाल तर तो वेगळा आणि मोठा विषय आहे, रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ला ख्रिस्ती झाले आणि तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणाले, त्यांनी अभंग-भजनाचा बाजच चर्चमध्ये आणला. त्यावर लिहायचंय एकदा निवांत.

प्रश्न : आमचा क्वायर 'अमेझिंग ग्रेस' बसवतोय. शेवटचं 'दहा हजार वर्षं' वालं कडवं न्यूटनचं नाही म्हणतात, मग म्हणायचं की नाही? आणि जोडीला कूपरचं कुठलं घेऊ? तालमीला वेळ फार कमी आहे.
— क्वायरमधली एक ताई, ठाणे

नाही, न्यूटनचं नाही ते. त्याची सहाच कडवी, आणि त्याचं शेवटचं म्हणजे पृथ्वी बर्फासारखी वितळेल, सूर्य तळपायचा थांबेल, ते. दहा हजार वर्षंवालं कडवं दुसऱ्याच एका जुन्या गीतातलं, 'अंकल टॉम्स केबिन' या १८५२च्या कादंबरीत टॉमकाका ते 'अमेझिंग ग्रेस'ला जोडून गातो आणि पुढे तसंच रूढ झालं. लोकांना ते हवंच असतं, तेव्हा गा बिनधास्त, फक्त कागदावर छापणार असाल तर त्या कडव्याखाली न्यूटनचं नाव टाकू नका.

कूपरचं 'गॉड मूव्ह्ज इन अ मिस्टीरियस वे' घ्या. तालमीची काळजी नको, मीटर तेच आठ-सहाचं आहे, म्हणजे ज्या चालीवर पहिलं गाताय त्याच चालीवर दुसरं तंतोतंत बसतं, आताच गुणगुणून बघा. दोन्ही लागोपाठ घ्या, मधे थांबू नका, फक्त पट्टी अर्ध्या सुराने वर चढवा म्हणजे ऐकणाऱ्याला गीत बदललेलं कळेल. आणि मागच्या रांगेतल्या पुरुष मंडळींना दोन-तीनदा बजावून ठेवा, नाहीतर चाल तीच ऐकून ते परत 'अमेझिंग ग्रेस'च सुरू करतील.